आडनावाचा रकाना

करडीत राहणारा एकही करडीकर माझ्या काउंटरवर अजून आलेला नाही. लांजेवार पुष्कळ येतात. त्यांची लांजी आता मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात आहे. तुमसरे येतात, रामटेके येतात, वैरागडे, आंबागडे, नागपुरे येतात. गावात असेपर्यंत गावाचे नाव माणसाला चिकटत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. माणूस गाव सोडतो, परक्या गावच्या पारावर टेकतो, कुणीतरी विचारते, "कोठले जी तुमी?" आणि तो सांगतो. दोन पिढ्यांत ते सांगणे आडनाव होऊन बसते. तोवर मूळ गावात ना घर उरलेले असते, ना वावर.

माझे काम करडीतल्या सेवा केंद्राचे. संगणक, प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र आणि बाहेर एक बाकडे. भंडारा जिल्ह्यातले मोहाडी हे आमचे तालुक्याचे ठिकाण वैनगंगेच्या त्या काठाला आणि आम्ही या काठाला. म्हणून पालोरा, जांभोरा, मुंढरीकडची माणसे कागद आधी माझ्याकडे तपासून घेतात आणि मगच नदी ओलांडतात. दिवाळीच्या आगेमागे धान विकण्याची नोंदणी, जूनमध्ये दाखले. जूनचे दाखले म्हणजे मुख्यतः जातीचे आणि त्यांच्या पाठोपाठ येणारी पडताळणी. या पडताळणीने मला एक गोष्ट शिकवली. घराण्याचे आडनाव घराण्यापेक्षा फार तरुण असते. आमच्याकडच्या बहुतेक घरांत ते आज्याच्या वयाचे आहे, त्याहून मोठे नाही.

पडताळणीत शोधायचा असतो तो जुना माणूस. २००० सालचा जात प्रमाणपत्राचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्याखाली प्रत्येक प्रवर्गाला एक तारीख आहे: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा, जातीची नोंद असलेला, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला कागद पाहिजे. मग त्या कागदावरच्या आज्यापासून समोर बसलेल्या पोरापर्यंत वंशावळ काढायची, प्रतिज्ञापत्रावर. पोराचे आडनाव ठाऊक असते. आज्याचे शोधायला निघालो की कागद गप्प.

कारण आज्याच्या कागदावर आडनाव नसतेच. जन्ममृत्यूची कोतवाल पंजी घ्या. मध्य प्रांताच्या काळापासून गावच्या कोतवालाने जन्म आणि मरण कळवायचे आणि ते पंजीत चढायचे. नोंद कशी? सोमा वल्द फागू, जात अमुक, मौजा तमुक, यास मुलगा झाला. मुलाचे नाव बहुधा नाहीच, कारण बारसे व्हायचे असते. जमिनीच्या बंदोबस्ताचे जुने कागद काढा, तिथेही तेच: नाव, वल्द, बापाचे नाव, जात, साकिन म्हणजे राहण्याचे गाव. बाई असेल तर जौजे म्हणजे बायको, किंवा बेवा म्हणजे विधवा. आज आडनाव ज्या जागी बसते तिथे तेव्हा जात बसलेली असे. सरकारला माणूस ओळखायला तेवढे पुरत होते. गावात सोमा अनेक असतील, पण फागूचा सोमा त्या जातीत एकच.

गंमत अशी की पडताळणीला हाच कागद सोन्याचा. जात ठळक लिहिलेली, तारीख १९५० च्या आधीची. फक्त तो सोमा आणि माझ्यासमोर बसलेल्या पोराचा आजा हे एकच, हे सिद्ध करणारे आडनाव तेवढे नाही. मग शाळेचा दाखल-खारीज शोधायचा, मग फेरफार, मग वारसान. कुठेतरी एका कागदावर बापाचे नाव आणि आडनाव दोन्ही एकत्र सापडतात आणि साखळी जुळते. हा कागद जवळपास नेहमी शाळेतला असतो.

म्हणून मी म्हणतो, आमच्या झाडीपट्टीतली आडनावे गुरुजींनी लिहिली. लिहिली म्हणजे शोधून काढली असे नव्हे. रकाना होता, तो भरायचा होता. एका म्हाताऱ्या बाबांनी मला त्यांच्या नाव टाकण्याचा किस्सा सांगितला होता. बाप बोट धरून शाळेत घेऊन गेला. गुरुजींनी नाव विचारले, बापाचे नाव विचारले, मग आडनाव. बाप गप्प. "आमी पाटलाच्या वाड्यावर राहतो जी," एवढेच त्याला सुचले. गुरुजी शहाणे होते, पाटील लिहिले नाही. बापाच्या बापाला लोक कशाने हाक मारत ते विचारले आणि ते लिहिले. दुसऱ्या कुठल्या शाळेत दुसरा गुरुजी असता तर आज त्या घरच्या लग्नपत्रिकेवर पाटील छापले गेले असते. अशी घरे आहेतही. मालगुजारीच्या काळात पाटीलकी ज्याच्याकडे होती त्याची पोरे शाळेत पाटील झाली, सख्ख्या चुलत्याची पोरे जुन्या आडनावाने राहिली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पण रकान्यात बसलेला पाटील कुठे जातो?

हुद्द्याचे आडनाव होणे जुनेच. पेशवाईतला नाना फडणवीस मूळचा भानू; बाळाजी जनार्दन भानू. फडणिशी हाताला आली आणि भानू मागे पडले. तिथे निदान दौलतीचा कारभार होता. आमच्याकडे हाटात बसण्यावरून, पूजा करण्यावरून, वैदकीवरून, एखाद्या पूर्वजाने काय मारले यावरूनही घरे ओळखली जातात. वाघमारे सगळीकडे आहेत, आमच्या भागात तितिरमारेही आहेत. वाघ मारणाऱ्यापेक्षा तितिर मारणारा मला जास्त खरा वाटतो.

सगळी आडनावे अशी उशिराची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पोवारांची कुळे पाहा: बिसेन, पटले, टेंभरे, रहांगडाले, कटरे, पारधी. छत्तीस कुळे सांगतात. ही नावे सरकार विचारायच्या कितीतरी आधीची. गोंडांत मडावी, उईके, टेकाम, कुंभरे. आणि प्रत्येकाचे देव ठरलेले, कुणाचे चार, कुणाचे सहा, कुणाचे सात. देव जुळले की सोयरिक नाही, ते भाऊभाऊ. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांताच्या जातीजमातींवर चार खंड काढले, त्यात अशा कुळांच्या याद्याच्या याद्या आहेत. या नावांचे काम वेगळे होते. ती कोणत्या रकान्यासाठी नव्हती, लग्न कुठे करायचे नाही हे सांगण्यासाठी होती. म्हणून ती टिकली. ज्या नावावर पोरीचे लग्न अवलंबून असते ते नाव कुणी विसरत नाही. काउंटरवर फरक लगेच कळतो. पोवाराला किंवा गोंडाला आडनाव विचारा, उत्तर झटक्यात येते आणि तीन पिढ्या तेच येते. बाकीच्यांत म्हातारा थोडा थांबतो.

पण नाव एकच असले की माणसेही एकच, असे मात्र समजू नये. मेश्राम गोंडांत आहेत आणि बौद्धांतही आहेत. उके आणि उईके यांच्यात कागदावर एका अक्षराचा फरक, आणि समाज दोन. दाखल्यावर ई राहून गेली किंवा जास्तीची पडली की पोराचे वर्ष अडकते. पडताळणीच्या कार्यालयात आडनाव पाहून जात ठरवत नाहीत, ठरवूही नये. पण संशय आडनावापासूनच सुरू होतो.

आमच्या बोलीने यात भर घातली आहे. झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. डोळ्याला डोरा, पाण्याला पानी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा मोठा अभ्यास केला आहे. आम्ही मात्र तिचा हिशेब दाखल्यांवर पाहतो. साठवने म्हणणारा बाप, साठवणे लिहिणारा पुणेरी वळणाचा गुरुजी. गभने आणि गभणे. सोनवाने आणि सोनवाणे. पडोळे आणि पडोरे. त्यात १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, कागद कधी मराठीत तर कधी हिंदीत, आणि हिंदी कारकुनाची ऱ्हस्व-दीर्घाची रीत वेगळी. म्हणजे आज्याचा कागद हिंदी वळणाचा, बापाचा शाळेचा दाखला पुस्तकी मराठीचा, आणि घरात बोलतात ते तिसरेच. तिन्ही बरोबर. पण तीन कागद टेबलावर शेजारी ठेवले की पाहणाऱ्याला ती तीन घरे वाटतात.

मला सगळ्यात जास्त काम दिलेले घर चार भावांचे होते. आजा एक, आज्याचे नाव चारही वंशावळीत तेच. थोरला गावात राहिला, शाळेत गेला नाही. सातबाऱ्यावर नुसते नाव आणि बापाचे नाव. दुसरा तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर गेला. तिथल्या हजेरीत बापाचे नावच आडनावाच्या जागी लागले आणि त्याच्या पोरांना ते आडनाव म्हणून मिळाले. तिसरा नागपूरच्या कापड गिरणीत. तिथे कुणीतरी गावाकडचे नाव विचारले, त्याने करडी न सांगता आपल्या बापाचे मूळ गाव सांगितले, तेच लागले. चौथा शाळा शिकला, त्याला गुरुजींनी कुळाचे नाव दिले. चौघांची पोरे एकाच वेळी पडताळणीला आली. आडनावे तीन, एक कोरे. चुलत भावाचे वैधता प्रमाणपत्र असले तर काम पुष्कळ हलके होते, पण आधी तो चुलत भाऊ आहे हे दाखवायचे कसे? शेवटी कामाला आला एक जुना फेरफार. आज्याच्या मरणानंतर चौघांची नावे वारस म्हणून एका ओळीत चढली होती, आणि तलाठ्याने, त्याचे भले होवो, प्रत्येकापुढे 'उर्फ' लिहून ठेवले होते.

उर्फ या दोन अक्षरांचा मी चाहता आहे. आमच्या धंद्यातले अर्धे भांडण त्याने मिटते. उरलेले अर्धे 'ही एकच व्यक्ती आहे' अशा प्रतिज्ञापत्राने.

बाबासाहेबांची गोष्ट मी काउंटरवर पुष्कळदा सांगतो, कारण आडनाव वेगळे निघाले की लोकांना लाज वाटते. आपल्या घरात काही खोटे झाले असे वाटते. वडील रामजी सकपाळ. गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव दाखल झाले ते भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन आहे. म्हणजे जे आडनाव आज देशभर घराघरात आहे, ते त्या घरात एका शाळेच्या रजिस्टरात पहिल्यांदा पक्के झाले. आणि हेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांना हरवले, त्याच मतदारसंघाच्या दुसऱ्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. ते झाल्यावर आमच्या जिल्ह्याला मान वर करून बोलायला थोडा वेळ लागला, असे जुने लोक म्हणतात. मी एवढेच म्हणतो, सकपाळांचे आंबेडकर झाले म्हणून वंश तुटला नाही, मग तुमचा का तुटेल?

एकदा पालोऱ्याचा एक कॉलेजचा पोरगा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आला. तो मोबाइलवर कादंबरी लिहीत होता, काल्पनिक राज्याची. ड्रॅगन, किल्ले, एक राजघराणे. पाचशे वर्षे त्या घराण्याचे आडनाव एकच, अक्षरही बदललेले नाही. मला त्याने ते आडनाव वाचून दाखवले, भारी होते. मी विचारले, तुझ्या राज्यात पटवारी आहे का? नाही म्हणाला. शाळा? नाही. बाहेरून येऊन राज्य घेतलेले कुणी? ते होते, तिसऱ्या भागात. मग मी त्याला खऱ्या जगातली गोष्ट सांगितली, जी त्याच्या राज्यापेक्षा विचित्र आहे. फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरिया याने १८४९ मध्ये हुकूम काढला: लोकांची आडनावे सारखी नाहीत, कर गोळा करता येत नाही, तर ही घ्या आडनावांची छापील यादी आणि वाटा. यादीची पाने गावोगावी गेली. काही गावांना एकाच अक्षराची पाने मिळाली, म्हणून आजही तिथे गावातल्या बहुतेकांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. तुर्कस्तानात १९३४ मध्ये कायदाच झाला, प्रत्येकाने आडनाव घ्यायचे. मुस्तफा कमालला संसदेने अतातुर्क दिले. पोरगा म्हणाला, "काका, हे तर कादंबरीत कोणी खरे मानणार नाही." मी म्हटले, तू एक कारकून टाक. ज्याला ऐकायला कमी येते असा.

त्याने टाकला की नाही ठाऊक नाही. स्कॉलरशिप मात्र अडकली, कारण बारावीच्या गुणपत्रिकेवर आणि बँकेत त्याचे स्वतःचे आडनाव दोन तऱ्हांनी होते.

बायांचे तर वेगळेच. पडताळणी वडिलांकडच्या रक्ताने चालते. लग्न झालेली बाई अर्ज करायला येते तेव्हा तिच्या आधारवर नवऱ्याचे आडनाव, मतदार यादीत नवऱ्याचे, आणि पुरावे सगळे माहेरचे. ज्या आडनावाने ती वीस वर्षे राहिली ते तिच्या जातीच्या कामाचे नाही. मग विवाह नोंदणी, मग पुन्हा एकच-व्यक्ती. काही जणी राजपत्रात नाव छापून घेतात; ते काम मुंबईला चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाचे, आता ऑनलाइन होते, पण जाहिरात छापून आल्याखेरीज बँक ऐकत नाही. मार्च २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला की १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आईचे नाव लागलेच पाहिजे: आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. एका आज्जीने नातीच्या जन्माची नोंद माझ्या पडद्यावर पाहिली, मी तिला वाचून दाखवली. तिला आवडले, पण तिला काळजी वेगळी. "येवढं लांब नाव पोरगी लिवंल कवा?"

आता नवा गुरुजी संगणक आहे. गुरुजीला निदान पुन्हा विचारता येत होते. इंग्रजीत नाव टाइप केले की मराठी आपोआप उमटते, आणि कोणत्या अक्षराला कोणता काना-मात्रा हे त्याचे तो ठरवतो. भुरे भूरे होतात, धांडे धंदे होतात, कटरे कातरे होतात. कॅम्पच्या गर्दीत ते कुणी पाहत नाही. मग शेतकरी ओळखपत्र काढायला बसलो की सातबाऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव किती जुळते याचे गुण पडद्यावर येतात. माणसाला स्वतःशी जुळण्याचे गुण! कमी पडले की अर्ज तलाठ्याकडे. सातबारा चुकलेला असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे लेखनदोष दुरुस्ती. आधार चुकलेले असेल तर ते दुरुस्त करायला बरोबर नावाचे दुसरे एखादे ओळखपत्र दाखवायचे.

मागच्या हंगामात एक शेतकरी आला. आधारवर एकाच्या जागी दुसरे अक्षर पडून त्याच्या आडनावाचा अर्थच बदलला होता. धान केंद्रावर मोजून झालेले, चुकारा थांबलेला. मी त्याला दोन वाटा सांगितल्या: आधार दुरुस्त करणे, किंवा बँक खाते आधारप्रमाणे करून घेऊन सातबाऱ्यासाठी एकच-व्यक्ती जोडणे. पहिलीला वेळ लागणार होता. रोवणीसाठी घेतलेले उधार डोक्यावर होते. त्याने दुसरी घेतली. काम झाले, पैसे आले.

जूनमध्ये तो पुन्हा आला, धाकटीला पहिलीत घालायचे होते. शाळेला तिचे आधार पाहिजे होते आणि तिचे आधार बापाच्या आधारवरून निघालेले, म्हणजे नवे अक्षर घेऊन. थोरला सातवीत, त्याच्या दाखल्यावर जुने अक्षर. मी त्याला म्हटले, एकाच घरात बहीण-भावाची दोन आडनावे होतील, उद्या पडताळणीला त्रास होईल, आत्ताच एक ठरवा. तो थोडा वेळ बाकड्यावर बसला. मग त्याने विचारले, "पोरीचं लगन झाल्यावर ते तं बदललंच ना जी?"

"बदललं तरी पुरावा हाच लागेल," मी म्हटले.

"मंग पोराचंच बदलून टाका," तो म्हणाला. "नव्यावर बँक चालते."

थोरल्याचा अर्ज शाळेकडे गेला आहे.